बीएडची नोंदणी: सीईटीपासून पदवी प्रमाणपत्रापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागायला लागले की बीएड महाविद्यालयांच्या कार्यालयांत फोन सुरू होतात आणि ते ऑक्टोबरपर्यंत थांबत नाहीत. बहुतेक प्रश्न दरवर्षी तेच असतात. त्यांची उत्तरं वेळेत मिळाली नाहीत म्हणून चांगल्या गुणांच्या मुलामुलींचं वर्ष वाया गेलेलं या कामातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. म्हणून ती इथे एकत्र दिली आहेत. भर महाराष्ट्रातल्या दोन वर्षांच्या नियमित बीएडवर आहे. डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका), विशेष बीएड (दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठीचं), मुक्त विद्यापीठ यांचा उल्लेख गरजेपुरता येईल. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतच बघा.

बीएडसाठी नोंदणी नक्की कुठे करायची?

एका ठिकाणी करून भागत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून आधी हेच नीट समजून घ्या.

पहिली नोंदणी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे, परीक्षेसाठी. दुसरी त्याच सीईटी सेलकडे, पण केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी. तिसरी विद्यापीठाकडे. तिला आपण ‘एलिजिबिलिटी’ म्हणतो आणि त्यातूनच पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक मिळतो. त्यानंतर प्रत्येक सत्राचा परीक्षा अर्ज. मध्ये आणखी एक टप्पा असतो, तो विद्यार्थ्याला दिसत नाही. महाविद्यालय तुमचा प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मान्यतेसाठी पाठवतं. ती मान्यता नसेल तर फी भरली, वर्गात बसलात, तरी कागदोपत्री तुमचा प्रवेश अर्धवटच राहतो.

यातल्या एका कचेरीत दिलेला कागद आपोआप दुसऱ्या कचेरीत पोहोचेल असं गृहीत धरू नका. ‘मी तर सीईटीच्या वेळीच अपलोड केलं होतं’ हे वाक्य पुढे कुठेच चालत नाही.

पात्रता काय लागते?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या विनियमांनुसार पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांसाठी ही अट ४५ टक्के आहे. अभियांत्रिकीची पदवी असेल तर ५५ टक्के लागतात आणि त्या पदवीत विज्ञान-गणिताचा भाग असावा लागतो.

पदवीला ४७ टक्के आणि एमएला ५८ टक्के असले तर चालतं का, हा खुल्या प्रवर्गातला नेहमीचा प्रश्न. चालतं, कारण नियमात पदव्युत्तर पदवीचे गुणही धरले आहेत. फक्त अर्जात दोन्ही पदव्यांचे गुण नीट भरा आणि दोन्हींच्या गुणपत्रिका जोडा. पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल तर सीईटी देता येते, पण कॅपच्या वेळी निकाल हातात लागतो. दुसऱ्या राज्यातल्या सवलतीच्या प्रवर्गाचा दाखला असला तरी इथे खुल्या प्रवर्गाची टक्केवारी लागू होते, हेही ध्यानात असू द्या.

सीईटी झाली, गुणही चांगले पडले. आता महाविद्यालयाकडून बोलावणं येईल ना?

येणार नाही. कॅपची नोंदणी तुम्हालाच, वेगळी, नव्याने करावी लागते. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे.

कॅपमध्ये आधी माहिती भरायची, कागदपत्रं अपलोड करायची. ती तपासली जातात. एखादा कागद अस्पष्ट किंवा चुकीचा असला तर अर्ज परत येतो. तो परत आल्याचं कळायला लॉगिन करूनच बघावं लागतं, नुसत्या एसएमएसच्या भरवशावर राहू नका. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकतींची मुदत आणि शेवटी अंतिम यादी लागते. त्यानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा. कितीतरी जण अंतिम यादीत नाव बघून निर्धास्त होतात आणि पसंतीक्रम भरायचाच विसरतात. यादीत नाव असूनही जागा न मिळण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

तात्पुरत्या यादीत नाव, प्रवर्ग, गुण, विद्यापीठ असं सगळं एकेक करून तपासा. त्या दोन-तीन दिवसांत चूक दाखवली तर ती दुरुस्त होते. अंतिम यादीनंतर तीच चूक घेऊन आलात तर कार्यालयातल्या कुणालाही काही करता येत नाही.

सीईटीत असतं तरी काय?

१०० प्रश्न, ९० मिनिटं, सगळे बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तीन भाग असतात. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचं असेल तर ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते आणि ती अर्ज भरतानाच निवडायची असते. मागाहून मन बदललं तर त्या वर्षी इलाज नाही. इंग्रजी माध्यमाचा थोडाही विचार मनात असेल तर ती निवडून ठेवलेली बरी.

दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं. काय करू?

हा प्रश्न मुलींना जास्त भेडसावतो. दहावी-बारावी माहेरच्या नावाने, पदवी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या, आधार नव्या नावाने आणि बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगने. मराठीत ‘दीपाली’ एकच, पण इंग्रजीत कुणी दोन ‘ई’ लिहितं, कुणी एक ‘आय’. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. संगणकाच्या हिशेबी ही वेगवेगळी माणसं होतात.

सरळ मार्ग असा: सीईटीपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नावच वापरा, अक्षर न अक्षर तसंच. लग्न झालं असलं तरीही. बीएडची गुणपत्रिका पदवीच्या आणि दहावीच्या कागदाशी जुळली की पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), भरती, नेमणुकीची वैयक्तिक मान्यता सगळं सोपं जातं. नवंच नाव लावायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्रासोबत ते राजपत्र प्रत्येक टप्प्यावर जोडा. नुसतं ‘दोन्ही नावं माझीच आहेत’ असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. राजपत्राचा आधार सगळीकडे भक्कम ठरतो.

आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती प्रवेश सुरू होण्याच्या दोन महिने आधी करा. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. नाव जुळलं नाही की पैसे अडकतात.

प्रवर्गाच्या जागेसाठी कोणकोणते दाखले लागतात?

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन्ही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना याशिवाय चालू मुदतीचं नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जाती आणि जमातींना ते लागत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी त्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं आणि तेही त्या आर्थिक वर्षाचं हवं. नॉन-क्रिमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र या प्रवेशाला चालेल की नाही हे त्यावरची तारीख वाचून ठरवा.

विवाहित मुलींनी एक लक्षात घ्यावं. जात जन्माने, म्हणून दाखला माहेरच्या नावाचा. नॉन-क्रिमी लेयरही आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही. तलाठ्याकडे किंवा सेतू केंद्रात कुणी सासरचे कागद मागितले तर ही गोष्ट शांतपणे सांगा.

जात पडताळणीला वेळ लागतो. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून जुळवाजुळव करावी लागते आणि त्यासाठी कधी दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत दोन-तीन चकरा होतात. अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती आहे, बाकीच्यांसाठी जिल्ह्याची जात पडताळणी समिती. पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच अर्ज टाकलात तर बीएडच्या वेळी धावपळ होत नाही. काही वर्षी शासनाने समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत दिली आहे, पण त्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर प्रवेश जातो. त्या आशेवर बसणं मोठी जोखीम आहे.

जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर ते करता येतं. कुणी ५०० रुपयांचा स्टँपपेपर आणायला लावला तर विचारा, कोणत्या नियमाने.

जागा मिळाली. महाविद्यालयात गेल्यावर काय होतं?

दिलेल्या मुदतीत जागा स्वीकारायची, महाविद्यालयात हजर राहून मूळ कागदपत्रं तपासून घ्यायची आणि फी भरायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, संकेतस्थळावर त्याच वेळी सगळ्यांची गर्दी असते.

मूळ कागदपत्रं तपासून परत घ्या. ती महाविद्यालयाने ठेवून घेऊ नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट सांगितलं आहे. विद्यापीठाला पाठवायचा दाखला, म्हणजे टीसी, आणि मायग्रेशन हे याला अपवाद. ते मूळ स्वरूपातच द्यावे लागतात. पण पदवीच्या आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका दोन वर्षं कपाटात ठेवायचं कारण कुणालाही नाही. मी याबाबत आग्रही आहे, कारण मूळ कागद अडकले की मुलांना तक्रार करायचीही भीती वाटते.

फी किती घ्यायची हे विनाअनुदानित महाविद्यालय स्वतः ठरवत नाही. २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ते ठरवतं आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते महाविद्यालयनिहाय बघता येतं. तिथला आकडा आणि हातातली पावती पडताळून पाहा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का?

ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकीची परत मिळते. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइनही करावा लागतो. नुसतं महाविद्यालयात तोंडी सांगून आलात तर पोर्टलवर तुमचं नाव तसंच राहतं आणि पुढच्या फेरीत अडचण येते.

विद्यापीठाची एलिजिबिलिटी आणि पीआरएन म्हणजे काय? ते महाविद्यालय करतं ना?

अर्ज महाविद्यालयातर्फे जातो, पण कागद तुम्ही द्यायचे असतात. इथेच सर्वाधिक प्रकरणं महिनोन्‌महिने लोंबकळतात.

बीएड ज्या विद्यापीठात करताय त्याच विद्यापीठाची पदवी असेल तर बहुधा जुनाच पीआरएन पुढे चालतो आणि काम लवकर उरकतं. नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन पुण्यात बीएडला आलात, किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन कोल्हापूरला, तर आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. ते आपोआप मिळत नाही. त्यासाठी आधीच्या विद्यापीठाकडे अर्ज करून शुल्क भरावं लागतं. प्रवेश पक्का झाला त्याच आठवड्यात हा अर्ज करा. शिक्षणात खंड असेल तर खंड प्रमाणपत्राचं प्रतिज्ञापत्रही मागतात, त्यात मधली वर्षं काय केलं ते थोडक्यात लिहायचं.

एलिजिबिलिटीचे दोन टप्पे असतात. आधी तात्पुरती, मग कागद तपासून अंतिम. तात्पुरत्या पात्रतेवर पहिल्या सत्राची परीक्षा देता येते, म्हणून पुष्कळ जण मायग्रेशनचा कंटाळा करतात. मग दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निकाल राखीव पडतो. गुणपत्रिकेच्या जागी ‘पात्रता अपूर्ण’ असा शेरा येतो, तोही नेमका भरतीची जाहिरात निघालेली असताना.

महाविद्यालयाच्या लेखनिकांना महिन्यातून एकदा विचारा, ‘माझी एलिजिबिलिटी कन्फर्म झाली का?’ त्यांना त्याचा राग येत नाही. त्यांच्याकडे शंभर मुलांचे कागद असतात आणि विचारणाऱ्याचा कागद वर येतो.

एबीसी आणि अपार आयडी सक्तीचे आहेत का?

एबीसी म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं आणि अपार म्हणजे त्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक. विद्यापीठांच्या परीक्षा अर्जात ते आता मागतात. अपार क्रमांक १२ अंकी असतो. डिजिलॉकरमधून पाच मिनिटांत काढता येतो, फक्त आधारवरचं नाव जुळायला हवं.

मेथड कोणती घ्यावी?

प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात एक कागद समोर येतो आणि अध्यापन पद्धती, म्हणजे मेथड, लिहून द्यायची असते. विद्यापीठानुसार एक किंवा दोन. मैत्रीण जी घेते ती आपणही घ्यायची, किंवा ज्या विषयाचे सर चांगले वाटले तो घ्यायचा, असं सर्रास होतं. या एका ओळीने पुढची नोकरी ठरते, इतकं तिचं महत्त्व आहे.

पदवीला जो विषय होता त्याचीच मेथड घ्या. बीएस्सीला रसायनशास्त्र असलेल्याने विज्ञान आणि गणित घ्यावं. बीए मराठीवाल्याने मराठी, आणि दुसरी मेथड असेल तर जो विषय पदवीला दुय्यम होता तो. भरतीत माध्यमिकच्या पदाला विषय लावताना पदवीचा विषय बघतात आणि मेथड त्याच्याशी विसंगत असली की शंका काढतात. टीईटीच्या दुसऱ्या पेपरलाही गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांतलं एक निवडायचं असतं. म्हणजे पदवी, मेथड, टीईटी हे तिन्ही एका रेषेत हवेत. वाणिज्य शाखेच्या मुलांनी तर आधी प्राचार्यांशी बोलावं, कारण शाळेच्या वेळापत्रकात त्यांच्या विषयाला दहावीपर्यंत जागा कमी आहे.

विद्यापीठात नोंद गेल्यावर मेथड बदलणं अवघड होतं. पहिल्या पंधरवड्यात विचार बदलला तर लगेच लेखी अर्ज द्या.

‘हजर न राहता बीएड’ करून देतो असं एकाने सांगितलं. करावं का?

करू नका. हे मी पोटतिडकीने सांगते आहे.

एनसीटीईचा नियम असा: वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, परीक्षा आणि प्रवेशाचे दिवस सोडून. हजेरी अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. म्हणजे २०० पैकी १६० दिवस तुम्ही तिथे असलंच पाहिजे. पत्रव्यवहाराने किंवा घरी बसून नियमित बीएड होतच नाही. ‘नॉन-अटेंडिंग’ नावाचा कुठला प्रकार नियमात नाही. जे विकलं जातं ती खोटी हजेरी असते.

आणि नियमापलीकडचंही सांगायला हवं. बीएडला शिकायचं असतं ते वर्गात उभं राहून. सूक्ष्म अध्यापनात पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा, समोर आपलेच सहाध्यायी, आणि मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई वही घेऊन बसलेल्या. फळ्याकडे तोंड करून बोललात, प्रश्न विचारून उत्तराची वाटच पाहिली नाहीत, तीनच मुलांना पुन्हापुन्हा विचारलंत, हे सगळं त्या पाठ टाचणाच्या डाव्या पानावर लाल शाईने लिहितात आणि खाली सही करतात. पुढच्या पाठाला तीच चूक झाली का ते बघतात. ती वही बाहेर आयती मिळते, हेही मला माहीत आहे. पण पहिल्या नोकरीत चाळीस मुलं समोर बसली की आयत्या वहीतलं काहीच आठवत नाही. त्याची किंमत त्या चाळीस मुलांनी मोजायची, हे मला मान्य होत नाही.

पैशांची अडचण, घरचं काम, लांबचं अंतर या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर मार्ग आहेत: शिष्यवृत्ती, वसतिगृह, एक वर्ष उशिराने प्रवेश, किंवा आधी डीएलएड असेल तर मुक्त विद्यापीठ. खोटी हजेरी हा मार्ग नाही.

शालेय आंतरवासिता किती आठवड्यांची? माझ्या गावच्या शाळेत करता येईल का?

दोन वर्षांत मिळून २० आठवडे. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दुसऱ्या वर्षाचे ९६ दिवस होतात आणि ९० टक्के हजेरी म्हणजे त्यातले जेमतेम नऊ दिवस चुकवता येतात.

शाळा महाविद्यालय ठरवतं. गावची शाळा हवी असेल तर प्राचार्यांना अर्ज द्या. पाहणीसाठी प्राध्यापक जाऊ शकतील इतक्या अंतरावर शाळा असेल तर कधी कधी मान्य होतं. शाळेत गेलात की छात्राध्यापक म्हणून हजेरीपत्रकावर रोज सही करा आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर शाळेचा यू-डायस क्रमांक आणि दोन्ही तारखा असाव्यात. शेवटच्या दिवशी मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले असतात, म्हणून चार दिवस आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या वर्षी बाळंतपण आलं तर?

बीएड सोडू नका. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी प्रवेशाच्या तारखेपासून तीन वर्षांत पूर्ण करता येतो. विद्यार्थिनींना प्रसूतीसाठी रजा आणि हजेरीत सवलत देण्याचे नियम करावेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम विचारा, वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज आधीच द्या आणि त्याची पोच घ्या. आंतरवासिता पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण करायची सोय महाविद्यालयं करून देतात. गैरहजर राहून नंतर सांगायला गेलात तर तेच काम कठीण होतं.

नोकरी करताना बीएड करता येईल का?

तुम्ही डीएलएड झालेले सेवेतले प्राथमिक शिक्षक असाल, किंवा एनसीटीई मान्यताप्राप्त शिक्षक प्रशिक्षण नियमित पद्धतीने पूर्ण केलेलं असेल, तर दूरस्थ बीएडची वाट आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे अभ्यासक्रम त्यासाठी आहेत. नुसती पदवी आणि बँकेतली नोकरी असेल तर ही वाट बंद आहे. नियमित बीएड आणि पूर्णवेळ नोकरी एकाच वेळी दाखवली तर दोन हजेऱ्या एकाच दिवशी येतात आणि पडताळणीत दोन्ही अडचणीत येतात.

महाविद्यालयाला मान्यता आहे की नाही हे कसं कळेल?

एनसीटीईच्या संकेतस्थळावर राज्य आणि अभ्यासक्रम निवडून यादी पाहा. १९९३ च्या एनसीटीई कायद्याच्या कलम १६ नुसार परिषदेची मान्यता नसेल तर विद्यापीठाला त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची परीक्षाच घेता येत नाही. कलम १७ नुसार मान्यता काढून घेतल्यानंतरच्या शिक्षणावर मिळालेली पदवी सरकारी नोकरीला ग्राह्य धरत नाहीत. तेव्हा मंजूर जागा किती हेही त्या यादीत बघा. एक तुकडी ५० विद्यार्थ्यांची असते. मंजुरी पन्नासाची आणि वर्गात सत्तर असतील तर वरच्या वीस जणांची नोंद कुठे होणार, हे विचारायला संकोचू नका.

एक वर्षाचं बीएड सुरू झालं म्हणतात?

चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बीएडचा मसुदा एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. मसुद्यावर प्रवेश होत नसतात. अंतिम विनियम राजपत्रात आहेत का आणि त्या महाविद्यालयाचं नाव मान्यतेच्या यादीत आहे का, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. बारावीनंतरच शिक्षक व्हायचं ठरलं असेल तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटेप, आहे. त्याची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय परीक्षा यंत्रणा घेते.

बीएड झाल्यावर पहिली ते पाचवीला शिकवता येतं का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी हे स्पष्ट केलं. २०१८ च्या अधिसूचनेने बीएडधारकांना प्राथमिकची दारं उघडली होती, ती अधिसूचना रद्द झाली. त्या तारखेआधी नेमणूक झालेल्यांना नंतर, ८ एप्रिल २०२४ च्या आदेशाने, संरक्षण मिळालं. लहान मुलांना शिकवायची ओढ असेल तर डीएलएडच करा. तो दुय्यम अभ्यासक्रम मुळीच नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे फार कसबाचं काम आहे.

टीईटी आणि टेट बीएड चालू असताना देता येतात का?

आधी दोन्हींतला फरक. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, १५० गुणांची. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, मागास प्रवर्गांना ५५ टक्के लागतात. २०२१ च्या निर्णयानुसार तिचं प्रमाणपत्र आजीवन चालतं. पहिली ते आठवीसाठी ती अनिवार्य आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती द्यावी लागणार आहे. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. तिच्या गुणांवर पवित्र या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलमधून भरती होते. ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी मोठ्या अंतराने झाली आहे, म्हणून संधी आली की सोडू नये. २०२५ च्या टेटला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ‘प्रविष्ट’ म्हणून बसू दिलं होतं, पुढे ठरलेल्या मुदतीत निकाल सादर करायच्या अटीवर. एलिजिबिलिटी अपुरी असल्याने ज्यांचा निकाल राखीव पडतो, त्यांना अशी संधी हातची जाते.

डॉक्टरांसारखी शिक्षकांची कौन्सिलकडे नोंदणी असते का?

सर्वसाधारण बीएडला तशी नोंदणी नाही. नेमणुकीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) क्रमांक हे टप्पे शाळेमार्फत होतात. विशेष बीएड केलेल्यांची गोष्ट वेगळी. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार त्यांना केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवून सीआरआर क्रमांक घ्यावाच लागतो आणि मुदत संपली की त्याचं नूतनीकरण करावं लागतं.

बेळगाव आणि गोव्यातल्या मराठी विद्यार्थ्यांचं काय?

महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांचा महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांच्या नियमांत वेगळा विचार केला जातो. गावाचं आणि मातृभाषेचं प्रमाणपत्र विहित नमुन्यातच लागतं. नमुना बीएडच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतून घ्या, जुना वापरू नका. गोव्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश गोवा विद्यापीठाच्या नियमांनी होतात, तिथे महाराष्ट्राची सीईटी लागत नाही. तिथून इकडे यायचं असेल तर राज्याबाहेरचे उमेदवार म्हणून अर्ज करावा लागतो आणि इथलं आरक्षण मिळत नाही.

शेवटच्या सत्राचा निकाल लागला. महाविद्यालयातून काय काय घेऊन निघायचं?

चारही सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र, टीसी, आंतरवासितेचं प्रमाणपत्र आणि मेथड नमूद असलेलं प्राचार्यांचं पत्र. गुणपत्रिकेवर मेथडचं नाव संक्षेपात किंवा नुसत्या सांकेतिक क्रमांकाने छापलेलं असतं आणि कागदपत्र तपासणीच्या टेबलावर ते कुणाला कळत नाही. तेव्हा हे पत्र उपयोगी पडतं. निकालाची तारीख गुणपत्रिकेवर छापली आहे का ते बघून घ्या, कारण भरतीत अर्हता कधी धारण केली ते त्या तारखेवरून ठरतं. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्ताचा अर्ज विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. जाहिरात आली की सगळे एकदमच अर्ज करतात आणि रांग लागते, म्हणून निकालाच्या महिन्यातच तो करा.